वेगवेगळ्या घरांतील मुलांचे एक पथक: नागपुरातील नव्या स्काउट-गाईड प्रमुखांसाठी

नागपुरात स्काउट-गाईडचे पथक सुरू करणाऱ्या माणसाला पहिल्याच पालकसभेत दोन शब्दांचा उलगडा करावा लागतो, आणि हे दोन्ही शब्द स्काउटिंगच्या मराठी परिभाषेतलेच आहेत. सहा ते आठ मुलांच्या तुकडीला आपल्याकडे ‘संघ’ म्हणतात आणि तिच्या प्रमुखाला ‘संघनायक’. नवे मूल वचन घेऊन पथकात दाखल होते त्या कार्यक्रमाला ‘दीक्षाविधी’ म्हणतात. इतर जिल्ह्यांत हे शब्द सहज खपून जातात. नागपुरात मात्र ‘संघ’ म्हटले की ऐकणाऱ्याला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे रेशीमबाग आठवते आणि ‘दीक्षा’ म्हटले की 14 ऑक्टोबर 1956 हा दिवस आणि दीक्षाभूमी. आमच्या पहिल्या पालकसभेत एक वडील उठून उभे राहिले आणि त्यांनी शांतपणे विचारले, “मुलाला नेमकी कसली दीक्षा देणार आहात?” प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ उत्तर तयार नव्हते. तेव्हापासून आम्ही तुकडीला ‘पेट्रोल’ आणि त्या कार्यक्रमाला ‘वचनविधी’ म्हणतो. ‘पेट्रोल’ या शब्दावर नवी मुले पहिला महिनाभर हसतात. तेवढे चालवून घ्यावे.

शाळेला जोडलेल्या पथकात मुले बहुतेक करून एकाच वस्तीतली, एकाच माध्यमातली आणि साधारण सारख्या ऐपतीची असतात. शाळेबाहेरच्या, म्हणजे ओपन ग्रुपच्या पथकात तसे नसते. महालातल्या जुन्या वाड्यातले मूल, इंदोऱ्यातल्या बौद्ध घरातले, मोमिनपुऱ्यातल्या मुस्लिम घरातले, जरीपटक्यातल्या सिंधी घरातले, इतवारीतल्या जैन व्यापाऱ्याचे आणि अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्याचे मूल एकाच मैदानावर येऊ शकते. येऊ शकते याचा अर्थ आपोआप येते असा नव्हे. ते यावे आणि वर्षभर टिकावे यासाठी काय करावे लागते, ते नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी येथे क्रमाने सांगितले आहे. ‘विविधतेत एकता’ या विषयावर मुलांपुढे भाषण करण्याची गरज मला तरी कधी पडली नाही. हजेरी कशी घेतो, तुकड्या कशा पाडतो, शिबिरात झाडू कोणाच्या हाती जातो, या साध्या गोष्टींतून मुले आपले पथक कसे आहे ते बरोबर ओळखतात.

पालकांना सांगायची पार्श्वभूमी

पालक दोन शंका हमखास काढतात: हे इंग्रजांचे खूळ आहे का, आणि हे कोणत्या एका धर्माचे आहे का. दोन्ही शंकांना इतिहासातच उत्तर आहे. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले तेव्हा त्यांनी श्रीमंतांच्या नामांकित शाळांतली आणि कामगारवस्तीतली अशी दोन्ही प्रकारची मुले बोलावली आणि त्यांना चार पेट्रोलमध्ये मिसळून टाकले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. भारतात मात्र 1909 च्या सुमारास चळवळ आली ती गोऱ्यांच्या मुलांपुरती. म्हणून 1916 मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये आणि 1918 मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादमध्ये भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर हे सारे प्रवाह एकत्र करून 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी, 15 ऑगस्ट 1951 रोजी, गर्ल गाईड्सही तिच्यात सामील झाल्या.

या एकीकरणात नागपूरचा वाटा आहे, हे पालकांना आवर्जून सांगावे. नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचे तेव्हाचे राज्यपाल मंगलदास पक्वासा यांनी त्यासाठी खटपट केली. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे या चळवळीचे खंदे कार्यकर्ते होते आणि त्यांनी तिचे राष्ट्रीय आयुक्तपदही सांभाळले. ज्या चळवळीने सुरुवातीला आपल्याच मुलांना दाराबाहेर ठेवले होते तिचे दार उघडून घ्यावे लागले, ही गोष्ट पथकप्रमुखाने स्वतःही विसरू नये, कारण दार बंद करायला पाटी लावावी लागत नाही.

पहिली पायरी: नोंदणी, प्रशिक्षण, सोबती

हा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. जिल्हा संघटकांना भेटून ग्रुपची नोंदणी करावी, स्वतः सात दिवसांचा बेसिक कोर्स पूर्ण करावा आणि तो होईपर्यंत मुलांना शिबिराला नेऊ नये. एकट्याने पथक चालवू नये. कोणत्याही कार्यक्रमात किमान दोन प्रौढ असावेत आणि कोणताही प्रौढ एखाद्या मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही, हा नियम पालकांना लेखी द्यावा. मुलींची गाईड कंपनी सुरू करायची असेल तर गाईड कॅप्टन स्त्रीच हवी. तिचे नाव आणि राहण्याचे ठिकाण पालकांना माहीत असेल तर मोमिनपुऱ्यातल्या आणि महालातल्या आयांच्या शंका सारख्याच वेगाने मिटतात, असा अनुभव आहे. मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आहे की नाही, हे मैदान ठरवण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे.

सहकारी निवडताना आपल्याच ओळखीतले, आपल्यासारखेच तिघे गोळा करण्याचा मोह होतो. मुले मोठ्यांचा गट पाहूनच पथक कोणाचे ते ठरवतात. म्हणून निदान एक सहकारी वेगळ्या वस्तीतला, वेगळ्या घरातला असावा, आणि त्याच्याकडे नुसती सतरंजी अंथरण्याचे नव्हे तर निर्णय घेण्याचे काम असावे.

दुसरी पायरी: मैदान आणि वेळ

मैदान कोणते, यावर कोण येणार ते निम्मे ठरते. देवळाचे पटांगण, एखाद्या समाजाचे भवन किंवा राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्याच्या ताब्यातले क्रीडांगण फुकट मिळत असले तरी घेऊ नये. महानगरपालिकेचे मैदान किंवा शाळेचे पटांगण रीतसर अर्ज करून मिळवावे, थोडे भाडे पडले तरी चालेल. दोन-तीन वस्त्यांच्या सीमेवरचे मैदान सर्वांत चांगले, कारण तेथे कोणालाच आपण दुसऱ्याच्या मोहल्ल्यात आलो आहोत असे वाटत नाही.

वेळेची चूक मी स्वतः केली. नागपूरच्या उन्हाचा विचार करून मी रविवारी सकाळी सातची वेळ ठेवली. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा सकाळच बरी, एवढेच माझ्या डोक्यात होते. सहा महिने उलटल्यावर लक्षात आले की सदरमधल्या ख्रिस्ती घरांतले एकही मूल नाही. कारण विचारायला गेलो तर एका आजीने सांगितले, “रविवारी सकाळी आम्ही चर्चमध्ये असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?” आता आमचे पथक रविवारी दुपारी साडेचारला भरते, उन्हाळ्यात सहाला. शुक्रवारी दुपारी कोणताही कार्यक्रम ठेवत नाही. वर्षाच्या सुरुवातीला एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे सर्व सण लिहावेत आणि त्यानंतरच मेळावे, सहली, शिबिरे ठरवावीत. रमजान दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखांवर विसंबू नये. बेडन-पॉवेल यांच्या जन्मदिनी, 22 फेब्रुवारीला, जगभर चिंतन दिन पाळतात. 2026 मध्ये हा दिवस रमजानच्या पहिल्या आठवड्यातच होता. अशा वर्षी लांब पदयात्रा आणि दुपारचे सामुदायिक जेवण ठेवले तर रोजा पाळणारी मुले आपसूक बाजूला पडतात. पदयात्रेऐवजी बैठा कार्यक्रम आणि सूर्यास्तानंतर खजूर-फळांचा अल्पोपाहार ठेवला तर कोणाचेच काही अडत नाही.

तिसरी पायरी: घरी जाणे आणि नाव घेणे

जाहिरात करून मुले येतात, पण ती एकाच प्रकारची येतात. ज्या घरांतून कोणी येत नाही त्या घरांत स्वतः जावे लागते. जाताना दोघांनी जावे, बसावे, दिलेला चहा घ्यावा, दिलेले पाणी प्यावे. आपण पाण्याचा ग्लास तोंडाला लावला की नाही, याकडे घरातल्या माणसांचे लक्ष असते. हे लिहायला संकोच वाटतो, पण नव्या माणसाला ते कोणीतरी सांगायलाच हवे.

नोंदणी अर्जात पूर्ण नाव लागते, ते तेथे असू द्यावे. मैदानावरची हजेरी मात्र पहिल्या नावाने आणि पेट्रोलच्या नावाने घ्यावी. आपल्याकडे आडनाव कळले की पुढचे सगळे कळले असे लोक समजतात, आणि दहा वर्षांचे मूलही घरात ऐकून ऐकून तेवढे शिकलेले असते. “तुझे आडनाव काय?” या प्रश्नाला पथकात जागा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे, मुलांना आणि त्याहून जास्त मोठ्यांना. आमच्याकडे तीन राहुल होते. एक गरुड राहुल, एक वाघ राहुल आणि एक नीलगाय राहुल. तिसऱ्याची सुरुवातीला तक्रार होती, पण गोरेवाड्याला सहलीत खरी नीलगाय दिसल्यावर त्याने ती मागे घेतली.

चौथी पायरी: पेट्रोल पाडणे

सारे काम ज्यावर उभे आहे ती ही पायरी आहे, आणि नवे प्रमुख नेमकी हीच घाईने उरकतात. मुलांना “आपापले गट करा” असे सांगितले की पाच मिनिटांत चार गट होतात, आणि ते वस्तीचे, शाळेचे व माध्यमाचे असतात. एकदा ते झाले की मोडणे फार अवघड जाते. म्हणून पहिले चार आठवडे पेट्रोल पाडूच नयेत. दर रविवारी खेळापुरते नवे गट करावेत, कधी जन्ममहिन्यावरून, कधी उंचीच्या क्रमाने एक-दोन-तीन-चार मोजून. या काळात कोण कोणाबरोबर खुलते, कोण गप्प बसते, याची नोंद वहीत ठेवावी. पाचव्या आठवड्यात प्रमुखांनी बसून यादी करावी. तीत प्रत्येक पेट्रोलमध्ये वेगवेगळ्या वस्त्या, दोन-तीन वयांची मुले आणि वेगवेगळी माध्यमे असावीत. पण एक गोष्ट विसरू नये, ती अशी की कोणतेही मूल आपल्या वस्तीतले, आपल्या बोलीचे एकटेच पडू नये. चार पेट्रोलमध्ये चार उर्दू माध्यमाची मुले एकेक करून वाटली तर कागदावर ते छान दिसते, पण ती चारही मुले दुसऱ्या महिन्यात यायची थांबतात. दोन-दोन अशी दोन पेट्रोलमध्ये ठेवली तर टिकतात. हे मी दोन मुले गमावल्यावर शिकलो.

पेट्रोल लीडर मुलांनीच निवडावा, पण सहा महिन्यांसाठी. त्याचा सहायक दुसऱ्या वस्तीतला असावा, एवढी एकच अट घालावी.

पाचवी पायरी: वचन, नियम आणि प्रार्थना

स्काउट वचनाचे तीन भाग आहेत: ईश्वर आणि देश यांच्याप्रती कर्तव्य, इतरांना मदत, आणि स्काउट नियमांचे पालन. खूण करताना उभी राहणारी तीन बोटे याच तीन भागांची. नियम नऊ आहेत. विश्वासपात्र असणे, निष्ठावान असणे, सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काउटचा भाऊ असणे, विनम्र असणे, प्राण्यांचा मित्र व निसर्गप्रेमी असणे, शिस्तबद्ध राहून सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणास मदत करणे, धाडसी असणे, काटकसरी असणे आणि विचार-उच्चार-आचारांत शुद्ध असणे. मुलांकडून ते पाठ करून घेणे दोन आठवड्यांचे काम आहे. त्यापेक्षा एका वेळी एकच नियम घ्यावा आणि महिनाभर तोच चालवावा. तिसरा नियम आम्ही पहिल्या महिन्यात घेतो आणि त्या महिन्याचे काम एवढेच असते की प्रत्येकाने पथकातल्या एका नव्या मुलाच्या घरी जाऊन यावे आणि त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजले होते ते पुढच्या रविवारी सांगावे.

नागपुरात अडचण येते ती वचनातल्या ‘ईश्वर’ या शब्दापाशी. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या घरातले मूल हा शब्द मनापासून उच्चारू शकत नाही, आणि ज्याच्या घरी देव मानतच नाहीत तेही नाही. आमच्याकडे एक मुलगा सरावात या शब्दाला ओठ मिटून घ्यायचा. तीन रविवार मला वाटले की त्याला पाठ होत नाही. वास्तविक ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या नियमांतच दिलेली आहे. हा पर्याय मुलाने विचारल्यावर नव्हे, तर सर्वांना वचन शिकवतानाच दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून सांगावा, म्हणजे कोणाला एकट्याने हात वर करून आपण वेगळे आहोत असे जाहीर करावे लागत नाही. ‘धर्म’ म्हणजे येथे कर्तव्याने व नीतीने वागणे, हेही सांगून ठेवावे. बौद्ध घरातल्या मुलाला हे समजावायला फार वेळ लागत नाही, उलट तेच आपल्याला ‘धम्म’ समजावून सांगते.

सभेच्या सुरुवातीला ठरलेली हिंदी प्रार्थना म्हणतात, ती म्हणावी. जो म्हणत नाही त्याने शांत उभे राहावे आणि त्याच्याकडे कोणी वळून पाहू नये. शिबिरात सर्वधर्म प्रार्थनेचा वेगळा तास असतो. तो नीट घ्यायचा असेल तर काही पथ्ये पाळावीत. मुले अर्धवर्तुळात मांडी घालून बसतात, आधी एक मिनिट शांतता, मग ज्याला इच्छा असेल त्याने आपल्या घरची प्रार्थना आपल्या भाषेत म्हणावी आणि एका वाक्यात अर्थ सांगावा. टाळ्या नाहीत, भाष्य नाही, “आता मुस्लिम बांधवांकडून” असले निवेदन तर नाहीच. क्रम चिठ्ठी टाकून ठरवावा. गोंड घरातल्या एका मुलीने एकदा सांगितले की आमच्याकडे पुस्तक नाही, म्हणून मी काही म्हणत नाही. तिला आजीचे एखादे गाणे चालेल असे सांगितल्यावर तिने जे म्हटले ते त्या रात्री सर्वांच्या तोंडी होते. काही मुले संविधानाची उद्देशिका वाचतात, तीही या तासात बसते. आणि कोणत्याही मुलाला त्याच्या धर्माचा वकील करू नये. “तुम्ही लोक असे का करता?” हा प्रश्न मुले निरागसपणे विचारतात, मोठ्यांनी तो तेथेच हलक्या हाताने वळवून “तुझ्या घरी कसे करतात, ते सांग” असा करावा.

भाषेविषयी थोडेसे

नागपूर 1956 पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होते आणि ती सवय अजून शहराच्या जिभेवर आहे. मैदानावर मुले एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलतात. आज्ञा हिंदीत, समजावणे मराठीत आणि हिंदीत, पेट्रोलची नोंदवही ज्याला ज्या लिपीत जमेल त्या लिपीत, एवढ्यावर काम चालते. नऊ नियमांचा तक्ता देवनागरीबरोबर उर्दू लिपीतही लावावा. जास्त लक्ष हसण्याकडे द्यावे लागते. पुण्याहून बदलून आलेल्या घरातला एक मुलगा ‘काहून’ (म्हणजे ‘का’) या शब्दावर हसायचा आणि बाकीची मुले त्याच्या ‘का रे बाबा’वर. दोन्ही बाजूंचे हसू एका रविवारी मोकळेपणाने बाहेर काढले, प्रत्येकाने आपल्या घरचे पाच शब्द फळ्यावर लिहिले आणि विषय संपला.

सहावी पायरी: शिबिर

पहिले शिबिर डिसेंबर-जानेवारीत, दोन रात्रींपेक्षा जास्त नाही, आणि शहरापासून दोन तासांच्या आत घ्यावे. रामटेक-खिंडसीचा परिसर यासाठी सोयीचा आहे. रात्री थंडी चांगली असते, म्हणून जादा पांघरुणे ग्रुपच्या पैशातून न्यावीत, म्हणजे कोणाकडे रजई आणि कोणाकडे पातळ चादर हे उघडे पडत नाही. गणवेशाचेही असेच. सारखा गणवेश सर्वांना सारखे करतो हे खरे, पण तो विकत घ्यावा लागतो. जुने गणवेश धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवावेत आणि सर्वच नव्या मुलांना आधी त्यातूनच द्यावेत. स्कार्फ मात्र प्रत्येकाला नवा, ग्रुपतर्फे, वचनविधीच्या वेळी.

झोपणे पेट्रोलनुसार, जेवणे पेट्रोलनुसार. पाण्याच्या पिंपापाशी वाढपी ठेवू नये. ओगराळे ठेवावे आणि प्रत्येकाने आपल्या हाताने आपल्या मगात पाणी घ्यावे. ही स्वच्छतेची बाब आहे, आणि एवढीच नाही.

स्वयंपाक शाकाहारी ठेवावा, असे माझे मत आहे, पण त्याचे कारण मुलांना स्पष्ट सांगावे: सर्वांना एका पंगतीत खाता यावे म्हणून, शाकाहार वरच्या दर्जाचा म्हणून नव्हे. हे सांगितले नाही तर ज्याच्या घरी रविवारी सावजी रस्सा होतो त्या मुलाला आपल्या घरात काहीतरी उणे आहे असे वाटते. शाकाहारी म्हटले की काम झाले असेही नाही. आमच्या पहिल्या शिबिरात एका मुलाने दोन वेळा नुसता दहीभात खाल्ला आणि पोट दुखते म्हणाला. तिसऱ्या वेळी त्याचा पेट्रोल लीडर माझ्याकडे येऊन कानात म्हणाला, “सर, तो जैन आहे, भाजीत कांदा आहे, आलू आहे, आणि तो सांगायला लाजतो.” तेव्हापासून वरण, भात, भाकरी आणि एक फळभाजी कांदा-लसूण व कंदमुळांशिवाय करतो, कांदा, ठेचा आणि लसणाची चटणी वेगळ्या वाट्यांत ठेवतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांचे ताट आधी वाढतो. पालकांच्या अर्जात “काय चालत नाही” अशी एक ओळ ठेवली की निम्म्या अडचणी घरीच कळतात.

आता झाडूची गोष्ट. त्याच शिबिरात मी कामे वाटली नव्हती. ज्याला जे येते ते त्याने करावे, असे मोठ्या उदारपणाने सांगितले होते. ज्यांना गाठी येत होत्या त्यांनी तंबू उभारले, ज्यांच्या घरी दुकान होते त्यांनी शिध्याचा हिशेब घेतला, दोघांनी चूल पेटवली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शिबिराची वही लिहायला बसलो आणि कोणी काय केले ते आठवू लागलो. मैदान झाडणे आणि संडासाला पाणी टाकणे ही दोन कामे तिन्ही दिवस त्याच दोन मुलांनी केली होती. त्यांना कोणी सांगितले नव्हते. कोणी चिडवलेही नव्हते. त्यांच्या घरी मोठी माणसे हेच काम करतात, म्हणून ते त्यांना ‘येत’ होते. आणि बाकीच्या चौदा जणांना ते येत नाही याचे कोणालाच, मलाही, नवल वाटले नव्हते. मैदान अगदी स्वच्छ झाले होते, एकही पान पडलेले नव्हते, आणि मी आदल्या दिवशी त्याबद्दल त्या दोघांना सर्वांसमोर शाबासकीही दिली होती.

म्हणून कामांचा तक्ता शिबिराला निघण्यापूर्वी, मैदानावर, सर्वांसमोर लिहावा. पेट्रोलनुसार स्वयंपाक, पाणी, सरपण, स्वच्छता अशी चार कामे, दर जेवणानंतर पुढे सरकणारी. पेट्रोलच्या आत कोण काय करणार हे त्यांनी ठरवावे, पण एकच काम एका मुलाकडे लागोपाठ दोनदा येणार नाही. स्वच्छतेची पहिली पाळी प्रमुखांची. ज्याला जे येत नाही ते त्याला येणाऱ्याने शिकवावे. झाडू कसा धरतात, वाऱ्याच्या दिशेने कसे झाडतात, हे त्या दोघांनीच पुढच्या शिबिरात इतरांना शिकवले आणि स्वतः क्लोव्ह हिच आणि बोलाइन या गाठी शिकले. काही पालकांचे फोन आले की आमच्या मुलाला संडास धुवायला लावले. तो तक्ता मी त्यांना दाखवला, त्यावर पहिले नाव माझे होते. दोघांनी मुलांना काढून घेतले. त्यांना थांबवण्यासाठी तक्ता बदलला नाही.

ज्याला कमी ऐकू येते किंवा जो कुबडी घेऊन चालतो त्याचे नावही तक्त्यात असावे, त्याला बसवून ठेवू नये. शिट्टीच्या इशाऱ्यांबरोबर हाताचे इशारेही स्काउटिंगमध्ये पूर्वीपासून आहेत. ते सर्वांना शिकवले की कोणासाठी वेगळी सोय केल्यासारखे दिसत नाही.

सातवी पायरी: सेवा आणि सण

सणांना वेशभूषा करून रांगेत उभे राहण्याचे कार्यक्रम मला रुचत नाहीत. त्यात मुले एकमेकांच्या टोप्या पाहतात, घरे पाहत नाहीत. सेवेचे काम घ्यावे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पाणी देणे आणि हरवलेल्या मुलांना मदतकेंद्रापर्यंत नेणे, ताजबागेच्या उर्सात चप्पल-स्टँड सांभाळणे, रामनवमीच्या शोभायात्रेनंतर रस्त्यावरचे प्लास्टिकचे पेले गोळा करणे, ही कामे आयोजकांची व पोलिसांची आगाऊ परवानगी घेऊन करता येतात. सेवा करताना पूजेत किंवा घोषणांत भाग घेण्याची सक्ती नाही, आणि गणवेशात असताना कोणत्याही घोषणा द्यायच्या नाहीत, हे पालकांना आधी कळवावे. एका वर्षात एकाच ठिकाणी सेवा केली तर पथकावर शिक्का बसतो, म्हणून निदान तीन ठिकाणे धरावीत.

घरगुती आमंत्रण मात्र मुलांच्या मर्जीवर सोडावे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन फिरणे हा आपल्या शहराचा मुलांचा खास सण. त्या दिवशी आमचे आख्खे वाघ पेट्रोल एका मुलाच्या गल्लीत जाते आणि ईदला दुसऱ्याच्या घरी शीरखुर्म्यासाठी. हे आम्ही ठरवले नव्हते.

भांडण झाले तर

भांडणे होतात. शिव्या जातीवरून, धर्मावरून, रंगावरून दिल्या जातात, कारण मुले त्याच शहरात राहतात ज्यात आपण राहतो. अशा वेळी सर्वांसमोर बोलणे टाळावे. ज्याला बोलले गेले त्याच्याशी आधी बोलावे, नंतर ज्याने बोलले त्याच्याशी, आणि मग मानसभा, म्हणजे पेट्रोल लीडरांची बैठक, बोलवावी. मानसभेत प्रमुखाने ऐकावे, निर्णय मुलांनी द्यावा. त्यांची शिक्षा पुष्कळदा आपल्यापेक्षा कडक असते. ती सौम्य करणे हे आपले काम. मारणे, उन्हात उभे करणे, गणवेश काढून घेणे या शिक्षा कधीही नाहीत. पालक समाजमाध्यमांवरच्या ग्रुपमध्ये काही फॉरवर्ड करून वातावरण तापवू लागले तर तो ग्रुप केवळ सूचनांपुरता बंद करावा; आम्ही तो पहिल्याच निवडणुकीत केला आणि पुन्हा उघडला नाही.

वर्षअखेर

मार्चमध्ये हजेरीपट उघडून बसावे आणि आलेल्यांची नव्हे, गेलेल्यांची यादी करावी. कोण कोणत्या महिन्यात यायचे थांबले, त्या महिन्यात काय झाले होते, ते कोणत्या पेट्रोलमध्ये होते, हे शेजारी लिहावे. एकाच वस्तीतली दोन-तीन नावे लागोपाठ दिसली तर चूक आपल्याकडे आहे असे धरून चालावे. मग त्या घरी जावे, साध्या कपड्यांत, गणवेश न घालता, आणि परत या असे पहिल्या भेटीत म्हणू नये. नुसते विचारावे की काय झाले. बहुतेक वेळा उत्तर मूल देत नाही, आई देते, आणि तेही आपण उठून चपला घालू लागल्यावर.